नथ घरी करायची तर आधी तार बघा

श्रावण लागला की मोत्यांच्या नथी घरी करून विकणाऱ्या बायकांची संख्या वाढते. एक पक्कड, थोडे मोती, वीतभर तार आणि चार व्हिडिओ, एवढ्या भांडवलावर गौरीपर्यंत पहिली ऑर्डर येतेही. छंद चांगला आहे, धंदाही बरा आहे. मात्र नवख्यांचे बहुतेक पैसे मोती-खड्यांत जातात आणि तार, कडी, दोरा असं जे डोळ्यांत भरत नाही तिथे काटकसर होते. दागिना तुटतो तो नेमका तिथेच. त्यामागे काही पक्के रुजलेले समज आहेत.

पहिला समज अवजारांचा. वीस-पंचवीस वस्तूंचं किट घेतल्याशिवाय सुरुवात होत नाही, असं सांगितलं जातं. गोल तोंडाची पक्कड, चपट्या तोंडाची पक्कड आणि तार कापायचं कटर, एवढ्यावर नथ होते, कानातलंही होतं. जंप रिंग, म्हणजे भाग जोडायची छोटी कडी, उघडायला चपटी पक्कड आणखी एक लागते. घरातली दाते असलेली पक्कड मात्र वापरू नये, तारेवर ओरखडे उठतात. जंप रिंग सुटते म्हणून तिला कमकुवत ठरवतात, पण दोष बहुधा उघडण्याच्या पद्धतीत असतो. दोन्ही टोकं एकमेकांपासून बाजूला ओढली की गोलाई बिघडते आणि फट राहते. एक टोक पुढे आणि दुसरं मागे असं वळवून उघडावं, तसंच बंद करावं.

तारेबद्दलचा घोळ सर्वांत मोठा. मोठा नंबर म्हणजे जाड तार, असं धरून चालणारे खूप आहेत. प्रकार उलटा आहे: २० गेजची तार जाड, २६ची बारीक, २८ची त्याहून बारीक. त्यात गेज मोजण्याच्या पद्धतीही दोन. अमेरिकी पद्धतीत २० गेज म्हणजे सुमारे ०.८१ मिलिमीटर, तर ब्रिटिश पद्धतीत सुमारे ०.९१. मोत्याचं भोक बारीक असेल तर एवढ्या फरकाने तार अडते. म्हणून दुकानात मिलिमीटरमध्येच मागावी. नथीच्या मुख्य तारेला ०.८ मिलिमीटर आणि मोती गुंफायच्या तारेला ०.३ ते ०.४ हे सुरुवातीला ठीक पडतं. बारीक काचेच्या मण्यांचे नंबरही असेच उलटे आहेत. ११ नंबरचा मणी साधारण २ मिलिमीटरचा, ८ नंबरचा साधारण ३ मिलिमीटरचा.

तार मऊ आहे म्हणून हवी तितकी वाकवावी, हेही खरं नाही. पितळ असो वा तांबं, प्रत्येक वळणाला ते त्या जागी कडक होत जातं आणि तिथेच पुन्हा पुन्हा वाकवलं की तुटतं. चापाच्या नथीला हा कडकपणा थोडा हवाच, नाहीतर ती नाकावर बसत नाही. पण चुकलेलं वळण पाच वेळा सरळ करून नथ टिकवता येत नाही. सरावासाठी महागडी मुलाम्याची तार कशाला? विजेच्या जुन्या एकेरी वायरचं प्लास्टिक सोललं की आत तांब्याची छान तार मिळते.

आता मोती. समुद्रातून आपोआप निघालेला तो खरा आणि बाकी सगळे नकली, असं आपल्याकडे अजून मानतात. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात अर्धगोल मोती तयार करून दाखवले. त्यानंतर शेतीचे मोती जगभर पसरले आणि आज बाजारातले बहुतेक अस्सल मोती शेतीचेच असतात. गोड्या पाण्यातले मुख्यतः चीनमधून येतात. हैदराबादचं नाव मोत्यांशी जोडलेलं आहे ते भोक पाडणं, निवडणं आणि व्यापार यांमुळे. तिथे समुद्र कुठला? नकली म्हणजे काचेच्या किंवा प्लास्टिकच्या मण्यावर चकचकीत थर. ओळखायचं तर भोकाच्या कडेला बघावं, थर तिथे आधी सोलतो. शिकताना काचेचे मोती वापरण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त गिऱ्हाइकाला तसं सांगावं. अस्सल मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्यामुळे लिंबू, व्हिनेगर आणि अत्तर यांपासून तो दूरच ठेवावा.

'एक ग्राम सोन्याचे' दागिने विकत घेणाऱ्यांना त्यात ग्रामभर सोनं असल्याचं वाटतं. साधा हिशेब करू. ०.८ मिलिमीटर जाडीच्या २० सेंटीमीटर तारेचं पृष्ठफळ सुमारे ५ चौरस सेंटीमीटर होतं. तिच्यावर एक मायक्रॉन जाडीचा शुद्ध सोन्याचा थर दिला तर सोनं लागेल सुमारे १० मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रामात अशा शंभर तारा निघाल्या. स्वस्त मालावर थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. म्हणून मुलाम्याचं साहित्य घेताना थर किती मायक्रॉनचा, हे विचारावं. उत्तर आलं नाही तर ते स्वस्त धरूनच भाव करावा.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. यातलं निकेल काहींच्या त्वचेला सोसत नाही, खाज येते, पुरळ उठतं, टोचलेल्या जागी जास्तच. निकेल आहे की नाही यापेक्षा ते त्वचेवर किती सुटतं, याला महत्त्व आहे. युरोपीय संघाचा नियम त्यावरच आहे: टोचलेल्या भागात घालायच्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी, त्वचेला सतत लागणाऱ्या इतर वस्तूंतून जास्तीत जास्त ०.५. चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असूनही ते पुष्कळांना चालतं, ते यामुळेच. टायटॅनियम त्याहून निर्धोक.

माळ करणारे तंगुसावर फार विसंबतात. तंगूस ताणला जातो, सैल पडतो आणि उन्हाने ठिसूळ होतो. पटवेकरी अस्सल मोती रेशमात गाठवून देतात, दोन मोत्यांमध्ये गाठ मारून. माळ तुटली तर एखादाच मोती सुटतो आणि मोती एकमेकांवर घासतही नाहीत. जड किंवा धारदार भोकाच्या खड्यांनी मात्र रेशीम कापलं जातं. तिथे गिअर वायर घ्यावी, म्हणजे नायलॉनचं आवरण असलेली बारीक पोलादी तार.

टेराकोटाचे दागिने उन्हात वाळवून रंगवले की झाले, असं समजणाऱ्यांनी एक कानातलं रात्रभर पाण्यात ठेवून बघावं. भट्टीत भाजल्याशिवाय माती पक्की होत नाही.

साहित्यासाठी मुंबईत भुलेश्वर, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. घाऊक दुकानदार थोडं देत नाहीत, ही भीती निम्मीच खरी. मणी लडीने मिळतात, बारीक सुटे भाग वजनावर किंवा ग्रॉसवर, म्हणजे १४४ नगांच्या हिशेबाने. तिघीचौघींनी मिळून घेतलं की प्रश्न सुटतो. एका दागिन्याला लागणारे मणी मात्र एकदमच घ्यावेत, पुढच्या मालात तीच छटा मिळेल याची खात्री नाही. ऑनलाइन फोटोवर मोत्याचा आकार कळत नाही, मिलिमीटर वाचावेत. दुकानात जाताना खिशात छोटं चुंबक असू द्यावं. हूक किंवा कडी त्याला चिकटली तर मुलाम्याखाली बहुधा लोखंड आहे, आणि घामाने ते गंजणार. जर्मन सिल्व्हर मात्र चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा चिकटली नाही म्हणून ती वस्तू नाकाला चालेल असं धरून चालू नये.