जुन्या बंदुकीची पारख

खानापूर तालुक्यात पाऊस ओसरू लागला, शिवारातले भात पोटरीवर आले, की रानडुकरांचे कळप रात्रीच्या वेळी बांध ओलांडू लागतात. माळ्यावर बसून राखण करावी, डबे वाजवावेत, मशाली पेटवाव्यात, हा क्रम पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. या राखणीच्या निमित्तानेच बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम भागातील कित्येक घरांत एके काळी परवान्याची बंदूक आली. कोठे ठासणीची, कोठे बारा बोअरची दुनळी, तर एखाद्या सधन घरी रायफलही. आज त्या पिढीतील परवानेदार एकेक करून काळाच्या पडद्याआड जात आहेत, आणि कापडात गुंडाळलेल्या या बंदुकांचे पुढे काय करावे, हा प्रश्न त्यांच्या वारसांपुढे उभा आहे.

अशा वेळी घरात सहसा तीन मते निघतात. नळीवर विलायती नाव आहे, तेव्हा लाखाला मरण नाही, असे एक जण म्हणतो. दुसऱ्याच्या मते ते निव्वळ मोडीचे लोखंड असते. आजोबांची आठवण म्हणून ती जिथे आहे तिथेच राहू द्यावी, असे तिसऱ्याला वाटते. यांतील तिसरे मत सर्वांत सोज्ज्वळ दिसते. वस्तुतः तेच सर्वांत घातक होय. परवानेदाराच्या पश्चात विनापरवाना बंदूक घरात ठेवणे हा गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. जमा केली म्हणजे ती गेली, असा समज पुष्कळांचा असतो. तसे नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाने स्वतः परवाना मिळवून ती परत घ्यावी, अथवा पात्र माणसास विकून पैसे घ्यावेत, असा हक्क तेच कलम त्याला देते. मुदत टळली, तर मात्र बंदूक सरकारजमा होऊ शकते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी आणखी एक वाट ठेवली आहे. परवानेदार सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले, तर हयातीतच ते वारसाच्या नावे करून देण्यासाठी त्याला अर्ज करता येतो.

तात्पर्य, पारख सुरू होते ती कागदापासून. परवान्यावरचा क्रमांक आणि बंदुकीवर ठोकलेला क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला, तर किंमत विचारण्याचेही कारण उरत नाही. तो माल घेणारा आणि विकणारा दोघेही अडचणीत येतात. खाजगी विक्री करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांस ग्राहकाच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावे आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे, असा दंडक आहे. सीमाभागात आणखी एक दक्षता हवी. निपाणीहून कागल अगदी जवळ. परंतु मध्ये राज्याची हद्द आहे. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे हे त्यावर लिहिलेले असते. तो मजकूर नीट वाचून घेतल्यावाचून बंदूक दाखवण्यासाठी पलीकडे नेणे म्हणजे विकतचे संकट होय.

कागद जुळले म्हणजे बंदूक हाती घ्यावी. आणि घेताच ती रिकामी आहे याची आपल्या डोळ्यांनी खात्री करावी. नंतर नळीकडे वळावे. मागच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाचा कपटा धरून पुढून पाहिले, की आतला भाग उजळतो. आत काळसर खड्डे दिसले, तर तो गंजाचा खुणावा. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे बार काढल्यावर नळीत एक प्रकारचे मीठ उरे. ते हवेतील ओल शोषून घेई, आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या पावसाळी हवेत दोनचार दिवसांतच पोलादाला खाऊ लागे. गरम पाण्याने नळी धुऊन कोरडी करून तेल लावणाऱ्या जुन्या शिकाऱ्याची बंदूक म्हणूनच आजही आरशासारखी दिसते. निवडणुकीच्या काळात जमा झालेल्या बंदुका परत मिळाल्यावरही हीच तपासणी करावी. नळीच्या आत एखादे काळे कडे दिसले, तर ती तेथे फुगलेली असण्याचा संभव आहे. अशी बंदूक कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिने नेम चुकेल एवढेच भय नाही. ती उडवणाराचा हात किंवा डोळा जाईल.

दुनळीच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष पाहाव्यात. पहिली, नळीवरची चाचणीची मुद्रा. विलायती नळीवर ‘एन. पी.’ ही अक्षरे असली, तर ती धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे असे समजावे. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, नागमोडी नक्षीच्या जुन्या नळ्या दिसण्यात मोहक असतात. पण बहुतेक जुन्या काळ्या दारूच्या काळातल्या असल्याने आजच्या काडतुसाचा दाब त्यांना सोसेलच असे नाही. दुसरी गोष्ट, काडतुसाची कोठी. जुन्या कोठ्या अडीच इंचांच्या, तर आजची पुष्कळ काडतुसे पावणेतीन इंचांची असतात. काडतूस आत बसले म्हणजे ते योग्यच आहे असे नव्हे.

आता नेमाविषयी. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत पिळाचे आटे असतात आणि त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. म्हणून दोघींची परीक्षा निराळी. दुनळीची परीक्षा चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडतात यावरून करतात. तोंडाशी पूर्ण आवळलेल्या नळीने सुमारे सत्तर टक्के आणि सरळ नळीने सुमारे चाळीस टक्के छर्रे आत पडावेत, असा जुना संकेत आहे. रायफल मात्र टेकूवर स्थिर ठेवून, एकाच जातीच्या काडतुसांनी, शंभर यार्डांवर पाच गोळ्या झाडून पाहतात. येथे सामान्य माणूस फसतो. पाचही गोळ्या मध्यापासून दूर, पण एकमेकींजवळ पडल्या, तर रायफल उत्तम आहे. केवळ नेमाची खूण सरकवायची आहे. एक गोळी अगदी मध्यावर लागली आणि बाकीच्या चहूकडे विखुरल्या, तर तो योगायोग समजावा. असे विखुरणे नळीची झीज, सैल दस्ता किंवा नळीच्या तोंडाची हानी यांतून येते. अर्थात ही चाचणी परवानेदाराने, अधिकृत नेमबाजी-स्थळीच करावी.

नळीच्या तोंडाचे महत्त्व समजण्यास अमेरिकेतील लिव्हरच्या रायफलीचे उदाहरण चांगले आहे. घोडेस्वारांच्या चित्रपटांत नायक चापाभोवतालची कडी खाली-वर करून गोळ्या झाडतो, ती हीच. जॉन ब्राउनिंग याने रचना केलेले विंचेस्टर कंपनीचे १८९४ चे नमुने तेथे लाखांनी खपले. त्या रायफलीत मागून सळई घालता येत नाही. पुढूनच साफ करावी लागते. सळई तोंडाशी घासून घासून आटे झिजतात, आणि बाहेरून नवीकोरी दिसणारी रायफल नेम सोडते. नळीखालच्या नळकांड्यात काडतुसे एकामागे एक बसत असल्याने तिला चपट्या टोकाचीच गोळी लागते. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटण्याचा धोका असतो. १९६४ साली कंपनीने खर्च वाचवण्यासाठी घडणीची पद्धत बदलली, तेव्हापासून त्या वर्षापूर्वीच्या रायफलींना संग्राहक अधिक मोल देतात. आपल्याकडे नागरिकांच्या हाती अधिक आढळते ती ईशापूरच्या कारखान्याची .३१५ बोअरची रायफल. तिचा बोल्ट काढून नळी मागून साफ करता येते, आणि तिची काडतुसे खडकीच्या कारखान्यात तयार होत आली आहेत.

या काडतुसांवरच मोलाचा मोठा भाग अवलंबून असतो. ज्या रायफलीचे काडतूस मिळत नाही, ती कितीही नामांकित असो, वापरणाराच्या दृष्टीने काठीसमान होय. उलट, १९८० च्या दशकापासून सामान्य नागरिकांना परदेशी शस्त्रे आणणे जवळजवळ अशक्य झाल्याने, सुस्थितीतील जुन्या विलायती बंदुकांना त्यांच्या जन्मभूमीतही येणार नाही असा भाव येथे येतो. त्या भावाच्या आशेने वारस बंदूक काच-कागदाने घासतो, दस्त्याला चकचकीत वार्निश देतो, आणि आपल्याच हाताने मोल उतरवतो. नळीचा मूळ निळसर काळा रंग, दस्त्यावरची मूळ खाचरेषा आणि न बुजलेल्या मुद्रा यांचीच जाणता ग्राहक किंमत करतो. स्क्रूच्या खाचा चेमटलेल्या असल्या, तर अनाडी हाताने बंदूक खोलल्याचे तो तेव्हाच ओळखतो.

आणि हा ग्राहक कोण असतो? बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. या भागातील कितीतरी जवान निवृत्त होऊन गावी परततात आणि बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारावर पहाऱ्याची नोकरी धरतात. त्या नोकरीला स्वतःची परवान्याची बंदूक लागते. नवी घेण्याची ऐपत नसते, म्हणून तो निवृत्त जवान निपाणी-चिकोडीकडून खानापूरच्या एखाद्या घरी जुनी दुनळी पाहायला येतो. त्याच्या कुटुंबाची भाकर आणि त्याचे दोन्ही डोळे त्या नळीच्या खरेपणावर अवलंबून असतात. फुगलेल्या नळीची गोष्ट त्याच्यापासून लपवून चार पैसे अधिक मिळतीलही. पण विकणाऱ्याने ती आपण होऊन सांगावी, हेच रास्त. निर्दोष बंदूक असेल, तर नळी उजेडाकडे धरून त्याच्या हाती द्यावी, परवाना शेजारी ठेवावा, आणि मग भावाचे बोलणे काढावे.