सुई टळली, हिशेब वाढला

वजन, भूक आणि औषधे : लेखांक 6

वेगोव्ही या इंजेक्शनमधून सेमाग्लुटाइडचा नेहमीचा पूर्ण डोस आठवड्याला 2.4 मिलिग्रॅम जातो. वजन उतरवण्यासाठी हेच औषध गोळीतून घ्यायचे, तर रोज 25 मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला 175 लागतात. परिणाम मात्र एकमेकांच्या जवळपासचाच. इंजेक्शनच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन घटले. 25 मिलिग्रॅमच्या गोळीच्या चाचणीत 64 आठवड्यांत 13.6 टक्के. मग सत्तरपटीहून अधिक औषध पोटात ढकलून ते जाते कुठे?

जाते वाया. जीएलपी-1 हे आतड्यातून स्रवणारे संप्रेरक भूक आणि साखर कशी आवरते, ते मागच्या लेखात पाहिले. सेमाग्लुटाइड ही त्याचीच टिकाऊ नक्कल, 31 अमिनो आम्लांची साखळी, म्हणजेच पेप्टाइड. डाळीतली प्रथिनेही अमिनो आम्लांच्याच साखळ्या असतात आणि त्या तोडणे हे तर पचनसंस्थेचे रोजचे काम. हे वरण आणि हे औषध, असा भेद ती करत नाही. त्यातून एखादी साखळी शाबूत राहिलीच, तरी ती इतकी मोठी असते की पोटाच्या अस्तरातून रक्तात शिरणे तिला जमत नाही. इन्सुलिन 1922 साली रुग्णांना मिळू लागले, तेव्हापासून ते बहुतांशी टोचूनच घ्यावे लागते, त्याचे मुख्य कारण हेच.

सेमाग्लुटाइडच्या गोळीने या अडचणीतून वाट काढली ती एका सोबत्याच्या मदतीने. त्याचे नाव साल्कॅप्रोझेट सोडियम. मधुमेहासाठीच्या रिबेल्सस गोळीला 2019 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि 2022 मध्ये ती भारतात आली. त्या गोळीत औषध 3, 7 किंवा 14 मिलिग्रॅम, पण हा सोबती तब्बल 300 मिलिग्रॅम! एमिस्फिअर या अमेरिकी कंपनीने हे तंत्र विकसित केले होते. सेमाग्लुटाइड बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कने 2020 मध्ये ती कंपनीच 180 कोटी डॉलरला विकत घेतली.

बहुतेक औषधे लहान आतड्यात शोषली जातात. हे औषध मात्र जठरातच शोषले जाते. गोळी जठराच्या अस्तराला टेकून हळूहळू झिजते. झिजताना साल्कॅप्रोझेट आजूबाजूची आम्लता तेवढ्यापुरती कमी करते. प्रथिने तोडणारे पेप्सिन आम्लातच जोमाने चालते, त्यामुळे ते तिथे मंदावते. शेजारच्या पेशींची आवरणेही थोडा वेळ सैलावतात आणि औषधाचे काही रेणू आत सरकतात. इतकी खटपट करून रक्तात पोचतो तो गोळीतल्या औषधाचा जेमतेम एक टक्का, अनेकदा त्याहूनही कमी. एवढ्यावर भागते, कारण सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मे व्हायलाच सुमारे एक आठवडा लागतो. आज कमी शोषले गेले, उद्या जास्त, तरी रक्तातली पातळी फारशी डळमळत नाही.

गोळी घेण्याचे कडक नियमही यातूनच आले. पोट रिकामे हवे, नाहीतर गोळी अस्तरापर्यंत पोचणार कशी? पाणी घोटभरच, जास्तीत जास्त 120 मिलिलिटर. ‘औषध भरपूर पाण्याबरोबर घ्या’ हा एरवीचा सल्ला इथे उलटा पडतो, कारण जास्त पाण्याने सोबती पातळ होतो. गोळी चावायची नाही, कुटायची नाही. नंतर किमान अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. उठल्या उठल्या चहा लागणाऱ्यांची खरी परीक्षा इथेच. दुसरी औषधेही त्या अर्ध्या तासात नकोत. थायरॉइडची गोळीही सकाळी उपाशीपोटीच घेतली जाते. शिवाय सेमाग्लुटाइडच्या गोळीसोबत तिच्यातल्या थायरॉक्सिनचे शोषण सुमारे एक तृतीयांशाने वाढल्याची नोंद आहे. दोन्ही घेणाऱ्यांनी वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात आणि थायरॉइडची तपासणी चुकवू नये.

सुई टळली म्हणून त्रास टळत नाही. रक्तात पोचल्यावर औषध तेच, म्हणून मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हेही तेच. त्यामुळेच वेगोव्ही याच नावाच्या वजनासाठीच्या गोळीची सुरुवात 1.5 मिलिग्रॅमपासून होते आणि महिन्यामहिन्याने 4, 9 असे चढत 25 वर जायचे असते. या गोळीला लठ्ठपणासाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली ती डिसेंबर 2025 मध्ये. सुईची भीती वाटणाऱ्यांची, प्रवासात इंजेक्शन थंड ठेवण्याची चिंता करणाऱ्यांची तिने सोय केली, यात शंका नाही.

पण गोळी म्हणजे सोपी आणि स्वस्त, हे गणित पेप्टाइडच्या बाबतीत आपोआप जुळत नाही. पेप्टाइड बनवणे खर्चिक काम, आणि इथे तर एका रुग्णासाठी सत्तरपट माल बनवावा लागतो. सोयीचेही तसेच. आठवड्यातून एकदा टोचून मोकळे होणे सोपे, की रोजची सकाळ गोळीच्या वेळापत्रकाला बांधणे, याचे उत्तर घरोघरी वेगळे येईल. डॉक्टरांशी बोलताना गोळी की इंजेक्शन याआधी आपली सकाळ कशी जाते ते सांगावे. निवड निम्मी तिथेच होते.

पेप्टाइडचा हा सगळा खटाटोप मुळातच टाळता आला तर? जीएलपी-1 चेच कुलूप उघडणारा, पण पेप्टाइड नसलेला छोटा रेणू संशोधकांनी बनवला आहे. तो जेवणाआधी घ्या किंवा जेवणानंतर. त्याचे नाव ऑरफोरग्लिप्रॉन. त्याच वाटेवरचे फायझरचे डॅनुग्लिप्रॉन मात्र 2025 मध्ये यकृताच्या शंकेवरून मागे घ्यावे लागले. एक पुढे गेले, दुसरे अडले, ते का, हे पुढच्या आठवड्यात.