पुढची खडखड आणि शॉकअपचं बिल: स्टॅबिलायझर बारकडे आधी बघा

गॅरेजवाल्यांच्या मालिकेतला हा पुढचा भाग. व्हिडिओत गाडीखाली उतरून दाखवलंय, इथे तेच सविस्तर लिहून देतोय. प्रिंट काढून पिटजवळच्या भिंतीवर चिकटवा.

ग्राहक येतो आणि म्हणतो, "मिस्त्री, पुढून खडखड येते. खड्ड्यातून गेली की जास्तच." अशा वेळी अनेक गॅरेजमध्ये पहिलं वाक्य काय निघतं? "शॉकअप गेलेत साहेब." ग्राहक खिशाकडे बघतो, नाइलाजाने हो म्हणतो. शॉकअप बदलतात, गाडी जाते आणि चार दिवसांनी तीच खडखड घेऊन परत येते. तेव्हा मुद्दा नुसत्या आवाजाचा राहत नाही, विश्वासाचा होतो. तो ग्राहक तुमच्याशी भांडणार नाही कदाचित, पण सोसायटीतल्या दहा जणांना सांगेल.

म्हणून आजचा मुद्दा एकच. खड्ड्यातल्या खडखडीसाठी पहिला हात स्टॅबिलायझर बारच्या लिंकला आणि बुशला लावा, एस्टिमेट त्यानंतर.

हा बार नेमकं करतो काय?

स्टॅबिलायझर बार म्हणजे स्प्रिंग स्टीलची, इंग्रजी 'यू'सारखी वाकवलेली दांडी. मधला भाग दोन रबरी बुशमध्ये बसतो आणि ते बुश क्लॅम्पने सबफ्रेमला किंवा चॅसीला आवळलेले असतात. दोन्ही टोकं लिंक रॉडने डाव्या-उजव्या स्ट्रटला किंवा खालच्या आर्मला जोडलेली असतात.

दोन्ही चाकं एकदम वर गेली, तर बार बुशमध्ये नुसता फिरतो, बाकी काही करत नाही. एकच चाक वर गेलं किंवा वळणावर गाडी एका बाजूला कलायला लागली, की बारला पीळ पडतो. तो पीळ सुटायला बघतो आणि त्यामुळे गाडीचं कलणं कमी होतं. खंबाटकीच्या वळणांवर भरलेली गाडी आटोक्यात राहते, त्यात या दांडीचा मोठा वाटा असतो.

ताकद ठरते जाडीवर, आणि वाटते त्यापेक्षा खूप जास्त. भरीव बारचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणजे २० मिमीच्या जागी २२ मिमीचा बार बसवला, तर जाडी वाढली १० टक्के, पण कडकपणा वाढला जवळजवळ ४६ टक्के. म्हणून "हा पण बसतोय की" म्हणून दुसऱ्या मॉडेलचा बार टाकायचा नाही. वळणावर गाडीचं वागणंच बदलतं.

एक गल्लत टाळा. काही जुन्या जीपसारख्या गाड्यांत आणि पिकअपमध्ये पुढे टॉर्शन बारच स्प्रिंगचं काम करतो. तो गाडीचं वजन पेलतो आणि कायम पिळलेला असतो. स्टॅबिलायझर वजन पेलत नाही. कुठला बार आहे हे कळल्याशिवाय बोल्टला पाना लावू नका.

पंधरा मिनिटांची तपासणी

१. आधी ग्राहकासोबत चक्कर मारा. काचा खाली, म्युझिक बंद. स्पीडब्रेकर आधी सरळ ओलांडा, मग तिरका, म्हणजे एका वेळी एकच चाक चढेल. सरळ जाताना आवाज कमी आणि तिरकं जाताना जास्त असेल, तर संशय लिंक आणि बुशवर.

२. गाडी पिटवर घ्या. वजन चाकांवरच असू द्या. हँडब्रेक ओढा, चाकांना ओट लावा, इंजिन बंद. खाली उतरून लिंक रॉड मुठीत धरा आणि वरून पोऱ्याला गाडी डावी-उजवी हलवायला सांगा. जॉइंट सैल असेल तर हाताला 'टक' लागतो.

३. लिंकच्या बॉल जॉइंटचं रबरी बूट बघा. फाटलं असेल, तर आत पाणी आणि धूळ गेलेलीच आहे. आज आवाज नसला तरी तो जॉइंट फार टिकणार नाही.

४. बार आणि बुश यांच्यामध्ये टॉमी घालून हलकेच उचला. फट दिसते का? रबराला भेगा आहेत का? बुशच्या शेजारी बारवर घासून चकाकी आली असेल, तर बार आडवा सरकतोय.

५. क्लॅम्पचे बोल्ट आणि बारची वळणं बघा. गंज वरवरचा आहे की खड्डे पडलेत? कोकणातली खारी हवा खाल्लेल्या गाड्यांत हे नीट पाहा. स्प्रिंग स्टीलला तडा जायची सुरुवात बहुतेकदा अशाच खड्ड्यातून होते.

महत्त्वाचं: एकच बाजू जॅकवर उचलून लिंक तपासू नका. तेव्हा बारला पीळ बसलेला असतो, लिंक ताणलेली असते आणि सैलपणा लपतो. त्याच अवस्थेत नट सोडला, तर बार झटका देऊन हाताला लागू शकतो. लिंक खोलायची असेल, तर पुढची दोन्ही चाकं वर घ्या, स्टँड लावा, मगच पाना.

बदलताना

बुश घेताना गाडीच्या नावाबरोबर बारची जाडीही सांगा. व्हर्नियर लावा. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलला बार वेगळा असू शकतो, आणि १ मिमी सैल बुश म्हणजे नव्या मालाची जुनीच खडखड.

बार पुसून स्वच्छ करा, बुश साबणाच्या पाण्याने सरकवा. साधं ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल रबराला लावू नका. त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. बुशची चीर जुन्याची ज्या बाजूला होती, त्याच बाजूला ठेवा. काही नव्या गाड्यांत बुश बारला चिकटवूनच येतो. तो कापून दुसरा बसवायचा जुगाड करू नका.

लिंकचा नट सोडताना आतला स्टड फिरतो, म्हणून तो ॲलन कीने धरा. नायलॉनचा लॉकनट असेल, तर नवाच वापरा. रबरी बुश असलेल्या जोडण्या गाडी चाकांवर उभी असताना शेवटच्या आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. किती आवळायचं ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं, त्यासाठी टॉर्क रेंच वापरा.

आणि बारला वेल्डिंग नाही. गॅसने तापवून सरळ करणं नाही. तापवलं की स्टीलवरची उष्णता-प्रक्रिया बिघडते. तडा गेला, वाकला, तर बार बदलायचाच.

जुन्या काही छोट्या गाड्यांत हाच बार खालच्या आर्मला पुढे-मागे धरूनही ठेवतो. तिथे बुश गेला, की ब्रेक मारल्यावर चाक सरकतं आणि गाडी ओढते. तिथला बुश बदलला, की अलाइनमेंट तपासून मगच गाडी द्या.

आता धंद्याचा हिशोब

समजा, शॉकअपची जोडी लेबरसह ८,००० रुपये आणि लिंकची जोडी लेबरसह १,८०० रुपये. पहिल्या नजरेला ८,००० गोड वाटतात. पण आवाज गेला नाही, तर गाडी परत येते. पिट अडतो, पोऱ्याचा अर्धा दिवस जातो, शेवटी लिंक तुम्हाला पदरचीच टाकावी लागते. वर ग्राहक गेला तो गेलाच. १,८०० मध्ये आवाज घालवला, तर तोच माणूस पुढच्या वर्षी क्लच, ब्रेक, टायर सगळं तुमच्याकडेच करतो.

तपासणीचे वेगळे पैसे घ्या, अगदी उघडपणे. काम तुमच्याकडेच केलं तर ते बिलातून वजा करा. ग्राहकाला खाली बोलवा, सैल लिंक हाताने हलवून दाखवा, मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवा. जुना माल डिकीत ठेवून द्या. एकच लिंक खराब असेल तर तसं सांगा: "दुसरी अजून ठीक आहे, पण दोन्ही सारख्याच चालल्यात. आज जोडी टाकायची की नंतर, तुम्ही ठरवा." निर्णय ग्राहकाचा, माहिती तुमची. आणि शॉकअपमधून खरोखर तेल गळत असेल, तर तेही असंच दाखवून सांगा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या जॉब कार्डवर चार ओळी वाढवा: लिंक डावी, लिंक उजवी, बुश व क्लॅम्प, बार. प्रत्येकीपुढे 'ठीक', 'लक्ष ठेवा', 'बदला'. प्रत्येक सर्व्हिसला भरा आणि पावसाळा संपल्यावर नेहमीच्या ग्राहकांना या तपासणीसाठी एक फोन करा.

पुढच्या भागात हेच जॉब कार्ड मोबाइलवर कसं बनवायचं ते पाहू. तोवर पहिल्या पाच गाड्यांवर काय सापडलं, ते व्हिडिओखाली नक्की लिहा.