चोचीतल्या पाच बिया

मुलांनो, आज एका कोड्यानं सुरुवात करू या. फूल झडलं की त्याच्या जागी पक्ष्याच्या चोचीसारखं लांब, टोकदार फळ येतं, अशी वनस्पती कोणती?

नाही ना येत? जिरेनियम! थंडीच्या दिवसांत रोपवाटिकेत गेलात तर लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांचे गोल झुबके मिरवणारं कुंडीतलं झाड दिसतं ना, तेच हे. ग्रीक भाषेत 'गेरानोस' म्हणजे क्रौंच पक्षी. त्याच्या चोचीवरून हे नाव पडलं.

पण गंमत पुढेच आहे. कुंडीतलं हे जिरेनियम शास्त्रज्ञांच्या लेखी जिरेनियम नाहीच! १७५३ साली लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञानं अशा सगळ्या चोचवाल्या झाडांना एकाच नावाखाली बसवलं होतं. पुढे १७८९ साली लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या अभ्यासातून 'पेलार्गोनियम' हा वेगळा गट पुढे आला. पेलार्गोस म्हणजे करकोचा. आणखी एका भावंडाचं नाव आहे 'इरोडियम', म्हणजे बगळा. क्रौंच, करकोचा, बगळा! जणू वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात पक्ष्यांचा थवाच उतरला. पण लोकांच्या तोंडी बसलेलं नाव असं सुटतं थोडंच? बागेत, बाजारात पेलार्गोनियमला सगळे जिरेनियमच म्हणतात. हजेरीपटावर एक नाव आणि घरी हाक मारायचं दुसरं, तसंच हे. आपणही घरचंच नाव वापरू.

जिरेनियमचे प्रकार पुष्कळ आहेत. आज आपण बघणार आहोत तो लोंबत्या फांद्यांचा जिरेनियम. वाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर स्वित्झर्लंडचं चित्र पाहिलंय का? मागे बर्फाचे डोंगर, पुढे लाकडी घर आणि त्याच्या सज्जातून लाल फुलांचा धबधबा कोसळतोय, असं? ती फुलं बहुतेक वेळा याच झाडाची असतात. याची पानं जाडसर, चकचकीत आणि पाच कोनांची, आयव्ही नावाच्या वेलीसारखी. कधी कधी पानाचा देठ कडेला न जुळता पानाच्या आतल्या बाजूला जुळलेला असतो. आपल्या अळूच्या पानाचा असतो, तसा. त्यामुळे पान ढालीसारखं दिसतं, म्हणून याचं शास्त्रीय नाव 'पेल्टॅटम', म्हणजे ढालीसारखा.

हे झाड मूळचं स्वित्झर्लंडचं मात्र नव्हे हं. त्याचं माहेर दक्षिण आफ्रिका. तिथल्या केप प्रांतात ते रानात, दुसऱ्या झुडपांचा आधार घेत वर चढतं. तिथला डच गव्हर्नर व्हान डेर स्टेल यानं १७०० साली ते हॉलंडला पाठवलं. रानातलं फूल तुम्ही पाहिलंत तर कदाचित हिरमुसाल. फिकट गुलाबी-जांभळट, अरुंद पाकळ्यांचं आणि झुबक्यात मोजकीच फुलं. मग तो धबधबा आला कुठून? तो माणसांनी घडवला. रंग फासून नव्हे, निवडून निवडून. नव्या वाणाची पैदास करणाऱ्याला 'पैदासकार' म्हणतात. त्याचं काम बघण्यासारखं असतं.

समजा, पैदासकाराकडे दोन झाडं आहेत. एकाचा रंग गडद लाल, पण फांद्या लांबच लांब आणि पेरं दूर दूर, त्यामुळे झाड विरळ दिसतं. दुसऱ्याचा रंग फिका, पण झाड कसं गच्च भरलेलं. त्याला हवंय गडद रंगाचं आणि भरगच्च झाड. म्हणून तो या दोघांचं लग्न लावतो! शास्त्राच्या भाषेत याला संकर म्हणतात.

आता फुलाकडे नीट बघा. जिरेनियमच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात. फूल उमललं की परागकोश फुटून त्यातून पराग बाहेर येतो. स्त्रीकेसराचं टोक, म्हणजे कुक्षी, तेव्हा अजून मिटलेली असते. काही दिवसांनी ती उघडते आणि तिच्या पाच बारीक पाकळ्या मागे वळून एक छोटीशी चांदणी तयार होते. आई आणि बाबा एकाच घरात, पण जेवायच्या वेळा वेगळ्या, असा प्रकार! असं का, तर आपलाच पराग आपल्याच कुक्षीवर पडू नये, दुसऱ्या फुलाचा यावा, ही निसर्गाची सोय.

पैदासकार याच सोयीचा फायदा घेतो. ज्या झाडाला आई करायचं, त्याची उमलायला आलेली कळी तो हलक्या हातानं उघडतो आणि परागकोश फुटायच्या आतच बारीक चिमट्यानं काढून टाकतो. मग फुलावर कागदाची किंवा जाळीच्या कापडाची टोपी घालतो. का बरं? मधमाशी मधेच येऊन तिसऱ्याच झाडाचा पराग टाकून गेली, तर सगळी मेहनत पाण्यात! कुक्षीची चांदणी उघडली की बाबा-झाडाचा पराग बारीक कुंचल्यानं तिच्यावर लावायचा. काम जमलं की नाही, हे फूलच सांगतं. पराग मिळालेलं फूल काही तासांतच पाकळ्या गाळू लागतं. पाहुणे येऊन गेले, आता रांगोळी पुसली तरी चालेल!

मग फुलाच्या मधोमध ती चोच वाढू लागते. महिना-सव्वा महिन्यानं ती वाळून तपकिरी होते आणि खालून वर पाच फाकांत उलगडते. प्रत्येक फाकेत एकच बी. प्रत्येक बीला पिसासारखी केसाळ शेपटी. वाळली की ती शेपटी स्प्रिंगसारखी पीळ घेते. रानात वारा या पिसाला उडवतो आणि जमिनीवर पडल्यावर तो पीळ ओला-कोरडा होताना बीला गिरमिटासारखा मातीत रुतवतो. ही करामत बघायला मिळाली, तर तासभर अभ्यास बुडला तरी मी रागावणार नाही. (पालकांनो, तुम्हीही रागावू नका!)

आता थोडं गणित. एका फळात जास्तीत जास्त पाच बिया. पैदासकाराला निवडीसाठी २००० रोपं हवी असतील, तर किती फुलांचा संकर करावा लागेल? बरोबर, निदान ४००. तेही एकसुद्धा बी वाया गेली नाही तर. म्हणजे ४०० वेळा चिमटा, ४०० वेळा टोपी, ४०० वेळा कुंचला.

आणि एवढी रोपं कशाला? दोन-चार पुरणार नाहीत का? तुम्ही आणि तुमची ताई एकाच आईबाबांची मुलं, पण नाक वेगळं, आवाज वेगळा, एकीला गणित आवडतं तर दुसऱ्याला चित्रकला. झाडांचंही तसंच असतं. एकाच चोचीतल्या पाच बियांतून पाच वेगळी झाडं निघतात. कोणी आईसारखं विरळ, कोणी बाबांसारखं फिकट, कोणी दोघांचे अवगुण घेऊन आलेलं. हवे ते सगळे गुण एकत्र आलेलं रोप हजारांत एखादंच. कधी तर एकही नाही!

शिवाय प्रत्येक जोडी जमतेच असंही नाही. पेशीच्या आत गुणसूत्रं नावाच्या सूक्ष्म दोऱ्या असतात. आई-वडिलांचे गुण त्यांच्यावरूनच मुलांत येतात. काही जिरेनियममध्ये या दोऱ्या १८ असतात, तर काहींत दुप्पट, म्हणजे ३६. १८वाल्याची गाठ ३६वाल्याशी घातली, तर हिशेब बिघडतो आणि पुढची पिढी बहुधा वांझ निघते. हिशेब जमला, तर मात्र अगदी वेगळ्या प्रकारांचाही संकर होऊ शकतो. पानावर घोड्याच्या नालेसारखा गडद पट्टा असलेला उभा जिरेनियम आणि हा लोंबता जिरेनियम यांच्या संकरातून 'कॅलिओपी' नावाचे वाण तयार झाले आहेत. ते धड उभे नाहीत, धड लोंबते नाहीत, मधलेच!

बिया रुजतात, चार-पाच महिन्यांत पहिली फुलं येतात आणि मग सुरू होतं पैदासकाराचं सगळ्यात अवघड काम. फेकून देणं! मला विचाराल, तर परागाच्या कुंचल्यापेक्षा हेच कौशल्याचं. स्वतः पेरलेली, वाढवलेली शेकडो हसरी रोपं उचलून खताच्या खड्ड्यात टाकायची. वाईट वाटतं ना? पण त्याला बघायचं असतं, की फुटवे किती येतात, पेरं जवळजवळ आहेत का, उन्हात रंग विटतो का. दिसायला सुंदर असणारं पहिलं येईल असं अजिबात नाही. गुलाबासारख्या दुहेरी पाकळ्यांची फुलं सगळ्यांना आवडतात. पण पावसात ती भिजून तपकिरी पडतात आणि झाडालाच चिकटून राहतात. एकेरी पाकळ्यांचं फूल मात्र जुनं झालं की आपणहून गळतं आणि सज्जा आपोआप झाडला जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर लटकलेल्या कुंडीतली वाळकी फुलं काढायला कोण वाकणार, सांगा बरं!

लोंबत्या जिरेनियमची आणखी एक खोड आहे. माती ओली आणि हवा दमट असली, की मुळं पाणी पीत राहतात, पण पानांतून ते पुरेसं बाहेर पडत नाही. मग पानांच्या पेशी फुगून फुटतात आणि पानाखाली बुचासारखे खरखरीत ठिपके येतात. हा रोग नव्हे, पाण्याचं अजीर्ण म्हणा हवं तर. काही रोपांना ते फार होतं, काहींना जवळजवळ नाही. पैदासकार पानं उलटी करकरून बघतो ते यासाठीच.

अशा चाळण्या वर्षानुवर्षं चालतात. आधी काचघरात, मग उघड्यावर, मग दुसऱ्या गावात, वेगळ्या हवेत. पाच-सहा वर्षं सहज जातात. आणि इतकं करूनही एक स्वप्न हाती आलेलं नाही. अस्सल निळा जिरेनियम!

बरं, समजा मिळालं ते एकुलतं एक रोप. आता त्याची हजारो रोपं कशी करायची? त्याचं बी पेरलं, तर पुन्हा सगळी भावंडं वेगळी. म्हणून इथे बी नाही, काडी! फांदीचा शेंडा तोडून मातीत खोचला, की त्याला मुळं फुटतात आणि हुबेहूब तसंच झाड तयार होतं. शेतकऱ्यांच्या मुलांना हे सांगायलाच नको. उसाचं बेणं लावतात, द्राक्षाची काडी लावतात, तसंच.

काडीमुळे एक अजब गोष्ट घडते. एखाद्या वाणाची युरोपभर दहा लाख झाडं असली, तरी एका अर्थानं ते एकच झाड असतं, त्या निवडलेल्या रोपाचंच अंग, दहा लाख कुंड्यांत वाटलेलं. आणि या काड्या कुठे तयार होतात माहीत आहे? पुष्कळशा केनिया आणि इथिओपियात! तिथे हिवाळ्यातही ऊन असतं. तिथे काड्या तोडतात आणि विमानानं युरोपला पाठवतात. ३०० वर्षांपूर्वी जहाजात बसून आफ्रिकेतून गेलेलं झाड आता नव्या कपड्यांत आफ्रिकेत परत येऊन राहतंय.

पण सगळी झाडं एकसारखी असण्यात धोकाही असतो. एका झाडाला जो रोग मारतो, तो सगळ्यांनाच मारू शकतो. शिवाय काडीबरोबर न दिसणारा जिवाणूही प्रवास करतो. २०२० साली अमेरिकेत असंच झालं. ग्वाटेमालातून आलेल्या उभ्या जिरेनियमच्या एका वाणात राल्स्टोनिया नावाचा जिवाणू सापडला. हा नुसता फुलझाडावर थांबणारा नव्हे. बटाटा आणि टोमॅटोवरही तो पडतो. शोभेच्या कुंडीतून उठून तो बटाट्याच्या शेतात शिरला तर? म्हणून अनेक राज्यांतल्या काचघरांत ती रोपं शोधून शोधून नष्ट केली गेली. तेव्हापासून अमेरिकेत जिरेनियमच्या काड्यांकडे आणखीच बारीक नजरेनं पाहिलं जातं. पैदासकारही आता रंगाइतकंच काटकपणाकडे बघतो. त्यासाठी तो पुन्हा रानातल्या त्या फिकट, साध्या झाडाकडे वळू शकतो, कारण बागेतल्या लाडावलेल्या झाडांनी हरवलेले गुण रानात अजून शिल्लक असू शकतात.

आपल्या महाराष्ट्रातही काही शेतकरी जिरेनियम लावतात, पण तो फुलांसाठी नव्हे. तो सुगंधी पानांचा प्रकार. पानांतून तेल काढतात आणि ते अत्तर, साबण यांत वापरतात. पान चुरगाळलं की गुलाबाचा वास येतो. या प्रकाराला बी धरतच नाही, त्यामुळे त्याची लागवड फक्त काड्यांवर चालते. चोच नाही, पाच बिया नाहीत, संकरही नाही!

तुम्हाला स्वतः संकर करून बघायचाय? मग यंदाच्या थंडीत वेगवेगळ्या रंगांच्या एकेरी फुलांची दोन जिरेनियमं आणा. दुहेरी नकोत, कारण त्यांच्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि पराग फार कमी मिळतो. भुवया विंचरायचा चिमटा आईकडून मागून घ्या आणि चित्रकलेच्या पेटीतला सगळ्यात बारीक कुंचला घ्या. बी मिळाल्यावर तिची टणक साल पॉलिशपेपरवर हलकेच घासा, म्हणजे पाणी आत शिरेल. पाणी बेतानं घाला. पावसाळ्यात कुंडी वळचणीला ठेवा, नाहीतर झाड कुजतं.

आणि संकर केल्याबरोबर फुलाच्या दांड्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधा. आधी आईचं नाव, मग गुणाकाराची फुली, मग बाबांचं नाव आणि तारीख. पैदासकारही याच क्रमानं लिहितात. फक्त चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. पेनची शाई पहिल्याच पाण्याबरोबर वाहून जाते.