एकदा होऊन गेला, मग लस कशाला?

ऑगस्ट २०२१मध्ये जेमतेम तीन आठवड्यांच्या अंतराने कोरोनाविषयीचे दोन अभ्यास पुढे आले आणि लसीच्या बाजूने बोलणारे व लसीवर शंका घेणारे, दोघांच्याही हाती पुरावा आला. पहिला अभ्यास अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला. २०२०मध्ये ज्यांना कोरोना होऊन गेला होता, त्यांच्यापैकी मे-जून २०२१मध्ये पुन्हा बाधित झालेल्या २४६ जणांची पुन्हा बाधित न झालेल्या ४९२ जणांशी त्यात तुलना केली होती. लस अजिबात न घेतलेल्यांमध्ये पुन्हा बाधा होण्याची शक्यता लस पूर्ण केलेल्यांच्या २.३४ पट निघाली. दुसरा अभ्यास इस्रायलमधल्या मक्काबी या आरोग्यसंस्थेच्या नोंदींवरचा. तो सांगत होता की कोरोना कधीच न झालेल्या, पण फायझरचे दोन डोस घेतलेल्या लोकांना डेल्टाची बाधा होण्याचा धोका, कोरोना होऊन गेलेल्या आणि लस न घेतलेल्या लोकांच्या १३ पट होता. समाजमाध्यमांवर मग जो तो आपल्याला हवा तो आकडा उचलून भांडू लागला.

खरे तर या दोन अभ्यासांत विरोध नव्हताच. इस्रायलचा प्रश्न होता, एकट्या संसर्गाचे संरक्षण मोठे की एकट्या लसीचे? केंटकीचा प्रश्न वेगळा होता. ज्याला कोरोना होऊन गेला आहे, त्याला लसीने आणखी काही मिळते का? संसर्गाने मिळणारे संरक्षण भक्कम असूनही त्यात भर पडू शकते, हे दोन्ही एकाच वेळी खरे असायला काहीच हरकत नाही. गंमत अशी की इस्रायलच्या त्याच निबंधात तिसरी तुलनाही होती आणि तिच्याकडे फार थोड्यांनी पाहिले. होऊन गेल्यानंतर लसीचा एक डोस घेतलेल्यांमध्ये पुन्हा बाधा होण्याचे प्रमाण लस न घेतलेल्यांच्या साधारण निम्मे होते.

पुढचे पुरावे याच बाजूने साचत गेले. इस्रायलच्याच क्लालिट या दुसऱ्या मोठ्या आरोग्यसंस्थेने कोरोनातून बरे झालेल्या १,४९,०३२ लोकांच्या नोंदी तपासल्या. लस न घेतलेल्यांत दर लाख लोकांमागे दिवसाला १०.२१ जण पुन्हा बाधित होत होते, घेतलेल्यांत २.४६. सोळा ते चौसष्ट वयोगटात लसीचा परिणाम ८२ टक्के भरला, पासष्टच्या पुढे ६० टक्के. एक डोस आणि दोन डोस यांत लक्षणीय फरक दिसला नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे. यावर एक वाजवी आक्षेप येतो. लस घेणारा माणूस मुळातच जपून राहणारा, म्हणून त्याला कमी बाधा झाली असेल. किंवा तो चाचणीच कमी वेळा करत असेल. ब्रिटनमध्ये पस्तीस हजारांहून अधिक आरोग्यसेवकांवर झालेला ‘सायरन’ अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यातल्या लोकांची लक्षणे असोत-नसोत, दर पंधरवड्याला आरटी-पीसीआर होत असे, आणि सगळेच रुग्णालयांत काम करणारे. तिथेही संसर्गातून मिळालेले संरक्षण लस न घेतलेल्यांत वर्षभरानंतर ओसरताना दिसले. नंतर लस घेतलेल्यांत मात्र पहिल्या संसर्गाला दीड वर्ष उलटून गेले तरी ते ९० टक्क्यांच्या वर टिकून होते. ही सगळी ओमायक्रॉनच्या आधीची स्थिती; ओमायक्रॉनविषयी पुढे.

असे का व्हावे, हे समजायला गोवराशी तुलना करावी. गोवर एकदा झाला की जन्मात पुन्हा होत नाही, हे घरोघरी ठाऊक असते आणि कोरोनालाही तोच नियम लावला गेला. पण गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दहा-बारा दिवस घेतो आणि त्या काळात रक्तावाटे अंगभर पसरतो. जुनी ओळख ठेवणाऱ्या स्मृतिपेशींना जागे होऊन प्रतिपिंडे तयार करायला तेवढा अवधी पुरतो. शिवाय हा विषाणू आपले रूप फारसे बदलत नाही. कोरोनाचा विषाणू नाक-घशाच्या अस्तरावरच काम सुरू करतो आणि तीन-चार दिवसांत माणूस दुसऱ्याला तो देऊही लागतो. तिथे त्याला अडवायचे तर प्रतिपिंडे आधीपासून हजर असावी लागतात, आणि त्यांची पातळी काही महिन्यांत उतरतेच. साधे पडसे देणारे चार कोरोना विषाणू माणसांत पूर्वीपासून आहेत. ॲमस्टरडॅममधल्या दहा निरोगी पुरुषांच्या अनेक वर्षे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांत असे दिसले की यांतला तोच विषाणू बारा महिन्यांनी पुन्हा गाठतो, असे वारंवार होते. स्मृतिपेशी आणि टी-पेशी मात्र बराच काळ राहतात. त्या दारावर विषाणूला अडवू शकत नाहीत, पण फुप्फुसांपर्यंत पोचून घात करण्याआधी त्याला गाठतात. आधी संसर्ग झालेल्याला लस दिली की या स्मृतिपेशी दुसऱ्यांदा तालमीत उतरतात आणि त्यांची प्रतिपिंडे अधिक घट्ट चिकटणारी, वेगवेगळ्या व्हेरियंटना ओळखणारी होतात. एकाच डोसात काम भागते ते यामुळेच.

“नैसर्गिक प्रतिकारशक्ती सरस असते, मग ती का नको?” हा प्रश्न विचारणाऱ्याला मूर्ख ठरवण्यात अर्थ नाही. डेल्टाच्या काळापुरते त्याचे म्हणणे बरेचसे खरे होते. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कच्या आकडेवारीतही डेल्टा पसरल्यानंतर संसर्गाचे संरक्षण निव्वळ लसीपेक्षा जास्त दिसले. पण हा हिशोब फक्त जगलेल्यांचा असतो. पहिल्याच संसर्गात जे गेले, ते ‘होऊन गेलेल्यां’च्या रकान्यात येत नाहीत. संसर्ग होऊन गेल्यावर मिळालेले संरक्षण मोजणे वेगळे आणि ते मिळावे म्हणून संसर्ग होऊ देणे वेगळे. ज्याने ती किंमत आधीच मोजली आहे, त्याला तिचे श्रेय मात्र मिळायला हवे होते. फ्रान्सने फेब्रुवारी २०२१मध्येच बरे झालेल्यांना एकच डोस पुरे, असे सांगितले. युरोपीय संघाच्या प्रमाणपत्रात बरे झाल्याची नोंद १८० दिवस ग्राह्य होती. जिथे असल्या नोंदीला शून्य किंमत दिली गेली, तिथे लोकांचा विश्वास उगाच घालवला गेला, असे माझे मत आहे.

भारतात एका डोसाचे धोरण लसटंचाईच्या काळात मोठा आधार ठरले असते. मे २०२१मध्ये केंद्राने बरे झालेल्यांची लस तीन महिने पुढे ढकलली, पण डोस दोनच ठेवले. अडचण खरी होती. होऊन गेलेला ओळखायचा कसा? जून-जुलै २०२१च्या आयसीएमआरच्या सर्वेक्षणात सहा वर्षांवरील ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. त्यांतल्या काहींना ती लसीने मिळाली असतील हे धरूनही, सरकारदरबारी नोंदलेल्या तीनेक कोटी रुग्णांपेक्षा हा आकडा कितीतरी पुढे जातो. बहुतेकांकडे आरटी-पीसीआरचा कागदच नव्हता. ‘होऊन गेला’ हा आपल्या देशात अनेकांच्या बाबतीत अंदाज होता. पुण्यात २०२०च्या उन्हाळ्यानंतर पाच प्रभागांत केलेल्या पाहणीत ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, तेव्हा शहर आता सुटले असे अनेकांना वाटले. फेब्रुवारी २०२१पासून आलेल्या लाटेने ती आशा मोडली. उरलेले निम्मे लोक होतेच, त्यात भर म्हणून महाराष्ट्रातच प्रथम नोंद झालेला डेल्टा आला. ब्राझीलमधल्या मनौस शहराने हाच धडा आपल्याआधी घेतला होता. तिथल्या रक्तदात्यांच्या नमुन्यांवरून ऑक्टोबर २०२०पर्यंत ७६ टक्के लोक बाधित झाल्याचा अंदाज होता आणि जानेवारीत रुग्णालयांतला प्राणवायू संपला.

मग ओमायक्रॉन आला आणि “लस घेऊनही झालाच ना?” हा सवाल घरोघरी ऐकू येऊ लागला. कतारमधल्या अभ्यासांनी याचे सर्वांत स्वच्छ उत्तर दिले. आधीच्या संसर्गाचे संरक्षण डेल्टाविरुद्ध ९२ टक्के होते, ते ओमायक्रॉनविरुद्ध ५६ टक्क्यांवर आले; पण गंभीर आजाराविरुद्ध ते सुमारे ८८ टक्के राहिले. ओमायक्रॉनच्या बीए.२ या प्रकाराची लक्षणे असलेली बाधा रोखण्यात निव्वळ आधीचा संसर्ग ४६ टक्के, निव्वळ तीन डोस ५२ टक्के आणि दोन्ही मिळून ७७ टक्के उपयोगी ठरले. आधीच्या संसर्गाविना घेतलेले फायझरचे जुने दोन डोस बाधा रोखण्यात जवळजवळ निकामी होते, हेही त्या अभ्यासांत आहे आणि ते लपवण्यात शहाणपणा नाही. जगभरच्या अभ्यासांचे २०२३मध्ये आलेले एकत्रित विश्लेषण वर्षभरानंतरचे चित्र देते. पुन्हा बाधा होण्यापासून निव्वळ संसर्गाचे संरक्षण २४.७ टक्के, संसर्ग अधिक लस यांचे ४१.८ टक्के. रुग्णालयात दाखल व्हावे लागण्यापासून मात्र अनुक्रमे ७४.६ आणि ९७.४ टक्के. सर्दी-तापासारखा कोरोना पुन्हा होणे आणि त्याने अतिदक्षता विभागात जाणे या दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्या की लस फसली असेच वाटणार. २०२१च्या प्रचारात ‘लस घ्या, कोरोना टाळा’ असे सरसकट सांगितले गेले. हा गोंधळ बराचसा तिथून सुरू झाला.

दुष्परिणामांचा आक्षेपही हवेत उडवून देण्यासारखा नाही. कोविशिल्डच्या जातीच्या लसीने रक्तात गुठळ्या होण्याचा दुर्मीळ आजार होतो हे सिद्ध आहे, म्हणूनच युरोपातल्या अनेक देशांनी २०२१मध्ये ती तरुणांना देणे थांबवले. फायझर, मॉडर्नासारख्या लसींनी काही तरुण मुलांना हृदयाच्या स्नायूंची सूज आली. धोका अगदी लहान असला तरी तो फायद्याशी ताडून पाहावा लागतो, आणि फायदा सगळ्यांना सारखा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२३मध्ये हाच हिशोब मांडला. वृद्ध, गंभीर सहव्याधी असलेले, प्रतिकारशक्ती दुबळी झालेले, गर्भवती आणि रुग्णसेवेतले लोक यांना शेवटच्या डोसानंतर सहा किंवा बारा महिन्यांनी आणखी एक डोस. निरोगी मध्यमवयीनांना पहिल्या बूस्टरपुढे नेहमीच्या वेळापत्रकात काही नाही. निरोगी मुले प्राधान्यक्रमात शेवटी. पंचविशीतला धडधाकट माणूस आज “एकदा-दोनदा होऊन गेला, मला पुरे” म्हणाला तर त्याचे फारसे चुकत नाही. हेच वाक्य पंचाहत्तरीतल्या मधुमेही आजोबांच्या तोंडी २०२१मध्ये लंगडे होते, आणि त्यांचा शेवटचा डोस तीन-चार वर्षांपूर्वीचा असेल तर आजही लंगडेच आहे.