खटका का पडतो, हे आधी विचारा

विदर्भात कूलरचा मोसम सुरू झाला की आमच्या कॅज्युअल्टीत एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. अंगावर फारशी जखम नसते. तळहातावर किंवा बोटावर एखादा करडा डाग, आणि हृदय बंद. गेल्या उन्हाळ्यात अशीच एक बाई आणली होती, तिशीच्या आसपासची. कूलर चालू ठेवूनच ती त्यात बादलीने पाणी भरत होती. अंगण ओले, पाय अनवाणी. तिला सोडवायला धावलेल्या सासूलाही झटका बसला. सासू वाचली, सून वाचली नाही.

काही दिवसांनी शवविच्छेदनाच्या कागदांसाठी तिचा दीर आला. कागद हातात घेऊनही तो निघेना. मग म्हणाला, "साहेब, दोनच वर्षं झाली नवीन वायरिंग करून. बोर्डात एमसीबी आहेत. मग खटका पडला का नाही?"

हा प्रश्न खरे तर विद्युत अभियंत्याला विचारायचा. पण त्याचे अर्धे उत्तर आमच्या विषयात आहे.

थोडे गणित करू. ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा विद्युत रोध साधारण एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टवर त्याच्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब सुमारे ४३५ मिलिअँपिअर घेतो. म्हणजे मरणारा माणूस एमसीबीच्या लेखी अर्धा बल्ब असतो! सोळा अँपिअरचा एमसीबी त्यासाठी पडेलच कशाला? त्याचे काम वेगळे आहे. तारेतून झेपेल त्याहून जास्त प्रवाह गेला की त्याच्या आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते. थेट शॉर्टसर्किट झाले तर आतले विद्युतचुंबक क्षणात खटका पाडते. तार जळू नये, घराला आग लागू नये, यासाठी एमसीबी असतो. तो तारेचा रक्षक आहे, माणसाचा नाही.

माणसाची मर्यादा यापेक्षा फार खाली असते. एक मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या जाणवतात. दहाच्या पुढे हाताचे स्नायू असे आवळले जातात की धरलेली वस्तू सोडवत नाही. लोक याला 'करंटनं ओढून घेतलं' म्हणतात. प्रत्यक्षात ओढत काही नाही, आपलीच मूठ उघडत नाही. अमेरिकेत बर्कलेचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून ही मर्यादा मोजली. पुरुषांत ती सरासरी सोळा मिलिअँपिअर भरली, स्त्रियांत साडेदहा. छातीतून जाणारा प्रवाह याच्या काही पटींनी वाढला आणि टिकून राहिला, की हृदयाचे खालचे कप्पे ठोका देणे सोडून नुसते थरथरू लागतात. रक्त पुढे जात नाही. आम्ही याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतो.

यात प्रवाहाइतकाच वेळ महत्त्वाचा. प्रत्येक ठोक्याच्या अखेरीस हृदयाचे स्नायू पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज होत असतात, तो काळ नाजूक. झटका एका ठोक्यापेक्षा बराच कमी वेळ टिकला तर त्या नाजूक क्षणाला गाठण्याची शक्यता कमी. तो सेकंदभर टिकला, तर तो क्षण चुकवणे जवळपास अशक्य.

डॅलझील यांनी १९६१ मध्ये माणसाला वाचवणारा खटका तयार केला, तो याच ज्ञानावर. आपल्याकडे आज त्याच जातीचे उपकरण आरसीसीबी नावाने मिळते. जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. कल्पना किराणा दुकानाच्या हिशेबासारखी आहे. फेजच्या तारेतून जेवढा प्रवाह घरात गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. कमी आला, तर बाकीचा कुठेतरी जमिनीत गळतोय. कदाचित कुणाच्या तरी अंगातून. तीस मिलिअँपिअरचा फरक दिसेपर्यंत हा खटका पडलेला असतो. २३० मिलिअँपिअरसारखी मोठी गळती असेल तर ४० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे आपल्या विजेच्या फक्त दोन आवर्तनांत. झटका बसतोच, तो सणसणीत असतो, पण हृदय बिघडायच्या आत थांबतो.

मोठमोठ्या ट्रान्सफॉर्मरचे रक्षण करणारे डिफरन्शियल रिले याच हिशेबावर चालतात. चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस या दोघांनी ब्रिटनमध्ये १९०४ साली त्याचे पेटंट घेतले होते. तिथे रिले हा मज्जातंतू आणि ब्रेकर हा स्नायू. एकाला कळते, दुसरा तोडतो. यंत्राला जे संरक्षण शंभर वर्षांपूर्वी मिळाले, ते आपल्या किती न्हाणीघरांत आहे, हा प्रश्न मला छळतो.

उपकेंद्रातल्या रिलेबद्दलही एक गैरसमज आहे. रस्त्यावर तार तुटून पडली की ती आपोआप बंद झाली असेल, असे लोक गृहीत धरतात. कोरड्या मातीवर किंवा डांबरावर पडलेल्या ११ हजार व्होल्टच्या तारेतून जमिनीत इतका कमी प्रवाह जाऊ शकतो, की रिलेला तो नेहमीच्या वापरासारखाच वाटतो. तार जिवंत राहते. कधी ती बंद होऊन पुन्हा चालूही होते. पडलेल्या तारेजवळ जायचे नाही, दुसऱ्यालाही जाऊ द्यायचे नाही, आणि महावितरणला कळवायचे.

त्या दिराला मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हणालो, की एमसीबीबरोबर दुसरे एक उपकरण लागते, ते नसेल बसवले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "होतं साहेब. मोठ्या खटक्याचं होतं. कूलर लावला की सारखं पडायचं. घरात लहान लेकरं, रात्री लाईट जायची. मग वायरमननं त्याला बाजूला काढून डायरेक्ट जोडून दिलं."

कूलरची पिनही दोनच पायांची होती, अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. आत कुठेतरी पंपाची तार सोलवटून पत्र्याला लागली असणार. अर्थिंग असते तर बराच प्रवाह तिकडून जमिनीत गेला असता, कदाचित एमसीबीही पडला असता. ते नव्हते, म्हणून ओल्या अंगणातल्या लोखंडी स्टँडमधून थोडी थोडी गळती होत राहिली आणि तो बिचारा खटका रोज पडून तेच सांगत होता. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देणारे रुग्ण मी पाहिलेले नाहीत. खटका काढून टाकणारी घरे मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांना वेडे म्हणायची माझी हिंमत होत नाही. एप्रिलच्या रात्री लेकरू घामाने रडत असताना वायरमन शोधायला कोण जाणार?

तरीही वारंवार पडणाऱ्या खटक्याचे कारण शोधता येते. एकेक उपकरणाची पिन काढायची, खटका वर करायचा. ज्याच्या पिनेने तो पडतो, ते उपकरण दुरुस्त होईपर्यंत बाजूला ठेवायचे. कूलरमध्ये पाणी भरताना नुसते बटण नव्हे, पिनच काढायची. आरसीसीबी घेताना त्यावर ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर लिहिलेले आहे ना, ते पाहावे. १०० किंवा ३०० वाले माणसाला वाचवण्यासाठी नसतात. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल आली आणि जमिनीशी संबंध नसेल, तर हा खटकाही पडत नाही. त्याला तेव्हा हिशेब बरोबर दिसतो.

कुणाला झटका लागलाच तर आधी मुख्य खटका बंद करावा, मग त्याला हात लावावा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहावे आणि दुसऱ्याने १०८ लावावा. थरथरणाऱ्या हृदयाला आमच्याकडच्या यंत्राचा झटका मिळेपर्यंत तेवढाच आधार असतो.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेले छोटे बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहायचे, खटका पडला पाहिजे. तो दीर गेला त्या संध्याकाळी मी घरी जाऊन आमचे बटण दाबले. घर बांधल्याला नऊ वर्षे झाली, पहिल्यांदाच दाबले. काहीच झाले नाही. नवा बसेपर्यंत कूलर बंद ठेवला. दोन रात्री गच्चीवर काढल्या.