उलटे आटे

वीस वर्षे मी मराठी शिकवते आहे. समास आणि वृत्ते सोडून दुसऱ्या कशाबद्दल माझे मत कोणी विचारल्याचे आठवत नाही. यंदा श्रावणात मात्र माझा भाचा पुण्याहून सायकलीचे एक चाक खांद्याला अडकवून आला आणि म्हणाला, "आत्या, हे चाक मेलं. आता हब कोणता घेऊ?"

चाक दिसायला चांगले ठणठणीत होते. तारा ताठ, रिंग सरळ, हब तर देवघरातल्या चांदीच्या भांड्यासारखा लखलखीत. फक्त मागच्या चाकीचे दात झिजून करवतीसारखे तिरपे झाले होते. मग चाकी बदलावी, संपले! पण तेच होत नव्हते. हब बनवणाऱ्या परदेशी कंपनीने चाकी बसण्याच्या खाचा स्वतःच्या घाटाच्या कापलेल्या. ती आवळायची कडी तिच्याच मापाची, आणि कडी फिरवायचा पानाही तिचाच. पुढे कंपनीने हा प्रकार बनवणे थांबवले. तळहाताएवढ्या चाकीपायी सबंध चाक अडगळीत! असल्या भागांना इंग्रजीत 'प्रोप्रायटरी' म्हणतात. मी 'मक्तेदारी हब' असे भाषांतर केले. भाच्याला ते भलतेच पटले.

ही सायकल 'फिक्स'ची. आपल्या नेहमीच्या सायकलीला फ्रीव्हील असते. उतारावर पाय थांबवले तरी चाक फिरत राहते. फिक्समध्ये चाकी हबला घट्ट जखडलेली. चाक फिरते तोवर पाय फिरणारच, आणि पाय मागे रेटले की चाकाला लगाम बसतो. सर्कशीतला गडी सायकल उलटी चालवतो ती याच जोरावर. दिल्लीत 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी लाकडी धावपट्टी बांधली, तिथल्या शर्यतींच्या सायकलीही अशाच, शिवाय बिनब्रेकच्या. हल्ली शहरातल्या हौशी पोरांनाही हे वेड लागले आहे. आमच्या चिरंजीवांना तर कोजागरीला फिक्सवरून तुळजापूर गाठायचे होते. सोलापूरहून हजारो माणसे त्या रात्री पायी जातात. वाट साधारण 45 किलोमीटरची, आणि शेवटी घाट.

सांगाडा कोणता, हा प्रश्न नव्हता. अंगणात माझ्या वडिलांची काळी सायकल उभी होती. वडील गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी नव्वदच्या दशकात बंद पडली, वडील जाऊन सहा वर्षे झाली. सायकल मात्र कोणी विकू दिली नाही. रात्रपाळी सुटली की बोळाच्या तोंडाशी ते पाय थांबवीत आणि फ्रीव्हील टिकटिकत दारापर्यंत येई. भोंग्यापेक्षा त्या टिकटिकीवर आई चहाचे आधण ठेवी.

भाच्याला घेऊन मी पेठेतल्या सायकलवाल्या मामांकडे गेले. मामा हसले. "त्यात काय की ताई! ह्याच फ्रीव्हीलला वेल्डिंग मारतो, झालं फिक्स."

भाचा एकदम, "नको!" म्हणाला. त्याचे म्हणणे मामांना क्षणात पटले. मला मात्र दोनदा ऐकावे लागले. चाकी हबवर उजव्या आट्यांनी चढते. पाय पुढे मारले की ती आवळते. मागे रेटले की सुटू पाहते. साध्या हबवर तिला अडवणारे काही नसते. बी. बी.ची कडी त्या आट्यांवर बसते खरी, पण तिचे आटेही उजवेच, म्हणजे चाकीबरोबर तीही सैल होणार. आणि पाय जोराने मागे रेटायची वेळ कधी येते? ट्रक आडवा आल्यावर! म्हणून खऱ्या फिक्स हबला दुसरी पायरी असते, किंचित लहान, उलट्या आट्यांची. चाकी सुटू लागली की तिच्यावरची कडी उलट अधिक आवळते. डाव्या पायडलला उलटे आटे असतात तसेच हे. (वडील एखाद्या हट्टी माणसाला 'उलट्या आट्याचा' म्हणत. ती शिवी नसावी, असे आता वाटते.)

मग निवडीचा घोळ सुरू झाला. मक्तेदारी हबची बाजूही खोटी नव्हती. खाचांवरची चाकी सटकत नाही, आटे जाण्याचे भय नाही, चाकी बदलणे दोन मिनिटांचे काम. पण 1970च्या दशकात शिमानोसारख्या मातब्बर जपानी कंपनीने शर्यतीच्या सायकलींसाठी अर्ध्या इंचाऐवजी 10 मिलिमीटरच्या कड्यांची साखळी काढली होती. ती चालली नाही, बंद झाली. आणि घेणारे साखळी-चाक्यांसाठी जुना बाजार धुंडाळत बसले. दुसरा पर्याय डिस्क ब्रेकच्या हबचा: 44 मिलिमीटरच्या वर्तुळावर सहा स्क्रू, त्यांवर चाकी. हे माप सर्वांचे, म्हणून त्यात मक्तेदारी नाही. भाच्याचे मन तिकडे ओढत होते.

मामांनी एकच प्रश्न विचारला. "तुळजापुरात बिघडलं तर काय मिळंल?"

शेवटी दुतोंडी हब ठरला: एका बाजूला उलट्या आट्यांसह फिक्स, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हीलचे आटे. टूर द फ्रान्सचे स्वार 1937 पर्यंत चाक उलटे करूनच गिअर बदलत; तीच युक्ती.

पुढचे सोपे नव्हते. वडिलांच्या मागच्या रिंगेला 40 भोके, नवा हब 36चा. म्हणून रिंग नवी. रॉडचा ब्रेक रिंगेच्या आतल्या अंगाला दाबतो, तो नव्या रिंगेला लागेना. म्हणून मागे केबलचा ब्रेक. पुढचा रॉडचा तसाच ठेवला. ब्रेक काढायचे नाहीत, ही माझी अट होती. जाड एक्सलसाठी मामांनी कानशीने खाच जराशी रुंद केली. पुढे 48 दात होते. मागे 18च ठेवले असते तर पायडलच्या एका फेरीत सायकल सहा मीटर पळाली असती; घाटात गुडघे बोलले असते. 20 दातांची चाकी लावली, अंतर सव्वापाच-साडेपाच मीटरवर आले.

दुसरी बाजू रिकामी होती. मामांनी वडिलांचे जुने फ्रीव्हील रॉकेलमध्ये धुतले, तेल सोडले आणि नव्या हबच्या आट्यांवर ठेवून बोटांनी फिरवले. ते सरळ चढत गेले. 1.37 इंच व्यास, इंचाला 24 आटे: वडिलांच्या तरुणपणीचे माप आणि कालच्या कुरिअरने आलेल्या हबचे माप एकच!

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा परत आला. घाट चढून जाईपर्यंत फिक्स. परतताना घाटमाथ्यावर त्याने पान्याने नट सोडवून चाक उलटे केले होते. मी आत पेपर तपासत होते. बोळाच्या तोंडाशी पाय थांबले असावेत. टिकटिक दारापर्यंत आली आणि मी पेपर बाजूला ठेवून चहाचे आधण ठेवायला उठले.